सुपवाल्या बाईचा कुंचला

मी शून्य नंबरचा कुंचला बोलतोय. जन्म लंडनचा, सध्याचा मुक्काम देवळाली प्रवरा, शांतवन पेंटरच्या पत्र्याच्या डब्यात. शून्य नंबर म्हणजे अगदी बारीक. पण मला कमी लेखू नका. मोठे ब्रश जन्मभर आभाळच सारवतात, डोळ्यातली चमक आमच्याशिवाय येत नाही.

माझे पहिले धनी पीटर साहेब. लंडनमध्ये सिनेमाची पोस्टरं रंगवायचे. या धंद्याची गंमत अशी, की पोस्टर काढणाऱ्याला सिनेमा कुणी दाखवत नसे. कंपनी चार फोटो आणि अर्ध्या पानाची गोष्ट पाठवी आणि सोमवारपर्यंत चित्र मागे. मग साहेब आरशासमोर उभे राहून स्वतःच मारामारी करत, स्वतःच गोळी लागून पडत. एका नटीच्या नाजूक हाताचं लोकांनी फार कौतुक केलं. तो हात साहेबांचाच होता, केस वगळून. एकदा त्यांनी बुडणारं जहाज रंगवलं आणि सिनेमात जहाजच नव्हतं. तिकिटं मात्र खपली.

एवढं करून चित्रावर नाव घालायची मुभा नव्हती. नटाचं नाव किती इंच, नटीचं किती, यावर भांडणं होत, चितारणाऱ्याला कोपराही मिळत नसे. साहेबांनी त्यावर तोड काढली. पोस्टर पुरं झालं की ते मला बाहेर काढत आणि कुठेतरी गर्दीत एक बोटभर बाई रंगवत. नऊवारी नेसलेली, सुपाने धान्य पाखडणारी. मी ती लढाईच्या धुरात काढलीय, राणीच्या दरबारात काढलीय, एकदा तर अंतराळयानाच्या खिडकीत. कंपनीवाल्यांना पत्ता लागला नाही. मला तेवढंच काम असे, म्हणूनच साठ वर्षं टिकलो.

ही बाई म्हणजे दयाबाई. साहेबांचे वडील नगरला मिशनच्या दवाखान्यात डॉक्टर होते आणि दयाबाई त्यांच्या बंगल्यावर स्वयंपाकाला. साहेबांना त्यांनीच वाढवलं. दयाबाईंचा मुलगा शांतवन आणि साहेब एका ताटात जेवले, एकाच चिंचेवरून पडले. दहाव्या वर्षी साहेब विलायतेला गेले, ते गेलेच. पुढे कॉम्प्युटर आला, पोस्टरं फोटोंचीच होऊ लागली, साहेब घरी बसले. ऐंशी ओलांडल्यावर त्यांना एकच गोष्ट खुपू लागली. आपण जन्मभर काय केलं, हे शांतवनला दाखवायचं राहिलं होतं. गेल्या हिवाळ्यात वीस पोस्टरांची गुंडाळी काखेत आणि मला खिशात घेऊन ते इथे आले.

पण शांतवनही पेंटरच निघाला. उसाच्या ट्रॉल्यांवर मोर, गुलाब, वाघ काढतो आणि खाली वाघापेक्षा मोठं लिहितो, 'शांतवन आर्टस्, देवळाली प्रवरा'. हात लावला आणि सही केली नाही, असं त्याच्याकडून झालेलं नाही. कोंबड्यांच्या खुराड्यावरसुद्धा त्याची सही आहे. त्याने चष्मा लावून वीसही पोस्टरांचे चारही कोपरे तपासले.

"पिटर, तुझं नाव कुठं हाय?"

"नाव घालू देत न्हवते."

"असं कुठं असतंय व्हय? ज्याचं काम त्याची सही. बाजारातून आनली असशील तरी मी काय रागावनार न्हाई."

साहेब हसले, पण त्यांना ते लागलं. बाई दाखवली असती तर प्रश्न तिथेच मिटला असता. पण साहेब हट्टी. शांतवनने तिला आपणहून शोधावं, ही त्यांची हौस. रोज ते वेगळं पोस्टर भिंतीला लावत आणि रोज शांतवन कोपरेच बघे. मी खिशातल्या खिशात चरफडत होतो, अरे बाबा, मधे बघ की. शनिवारी साहेबांचं परतीचं विमान होतं.

शुक्रवारी सकाळी शांतवनची सून हेलन पोस्टरांवरची धूळ झटकत होती. अंतराळयानापाशी तिचा हात थांबला.

"मामंजी, ह्या यानात ही बाई काय पाखडतीया?"

शांतवन आला आणि नाक कागदाला लागेपर्यंत वाकला. दयाबाईंच्या डाव्या कानाची पाळी तुटलेली होती. ती तूट मी दर वेळी एका केसाने काढत आलो होतो. त्या बाईने जन्मात कधी फोटो काढू दिला नव्हता, आणि शांतवनला आईचा चेहरा आता नीट आठवतही नव्हता.

"आई हाय ही," तो म्हणाला. मग वीसही पोस्टरांत त्याने तिला हुडकून काढलं. दुपार टळली, कुणी जेवलं नाही.

संध्याकाळी त्याने साहेबांच्या खिशातून मला उचललं आणि थेट ट्रॉलीच्या ऑईलपेंटात बुडवलं. माझ्या नाजूक केसांची पर्वा कोण करतो! प्रत्येक पोस्टरच्या कोपऱ्यात त्याने लिहिलं, 'चित्र: पीटर, नगरवाले'. साहेब तोंड फिरवून रडले. मलाही भरून आलं. मग शांतवनने त्याच्याखाली लिहिलं, 'अक्षरं: शांतवन आर्टस्', आणि तेही जरा मोठंच.

जाताना साहेब मला इथे ठेवून गेले. ऑईलपेंटने माझे केस चिकटलेत, तीनच शाबूत आहेत. परवा त्या तिघांच्या जिवावर शांतवनने एका ट्रॉलीच्या मागच्या फळीवर, दोन मोरांच्या मधे, दयाबाई काढली. सहीसाठी हात खाली नेला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि मला पुसून डब्यात घातलं.

तेव्हा कारखान्याच्या रस्त्याला उसाची ट्रॉली आडवी आली आणि तिच्यावर सही नसलेली बाई धान्य पाखडताना दिसली, तर हॉर्न वाजवू नका. जरा मागेच राहा आणि तिचा डावा कान बघा. तो मी काढलाय.