तांदळाच्या टोपलीतला दगड

मित्रांनो, ओसरीच्या खांबाला टेकून उभी असलेली ती किंचित वाकलेली बांबूची पट्टी म्हणजे मी. पाहुणे मला काठी म्हणतात तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड होतो. मी कावड आहे. माझ्या दोन्ही टोकांना दोरीची शिंकी लटकतात, शिंक्यांत टोपल्या बसतात आणि मधला भाग माणसाच्या खांद्यावर येतो. तो मधला भाग आरशासारखा गुळगुळीत दिसतो ना, तो कुणी घासून केलेला नाही. बाप आणि लेक अशा दोन माणसांच्या खांद्यांनी तो आपोआप झाला आहे.

माझा जन्म आलापल्लीच्या पलीकडच्या जंगलातला. त्यातल्या बापाने, सोमाजीने, मला तीन पावसाळे अंगावर घेऊ दिले आणि मगच अंधाऱ्या पंधरवड्यात तोडलं, म्हणजे कीड लागत नाही असं तो म्हणे. महिनाभर मी नाल्याच्या पाण्यात पडून होते. मग त्याने मला उभं चिरलं, विस्तवावर शेकून बाक दिला आणि खांद्यावर घेऊन अंगणात दोन चकरा मारल्या. "लचकते बेटी," तो बायकोला म्हणाला. कावडीला याहून मोठी शाबासकी नसते. जी लचकत नाही ती खांदा सोलून काढते.

पुढे वीस वर्षं मी धानाचे भारे वाहिले, बाजाराची पोती वाहिली, एकदा तर सोमाजीच्या धाकट्या लेकाला, अजयला, एका टोपलीत बसवून दवाखान्यात नेलं. मग घरात मोटरसायकल आली. मला गोठ्याच्या आढ्यावर टाकलं आणि माझ्यावर कोंबड्या बसू लागल्या. त्याबद्दल मी जास्त बोलणार नाही. ज्याच्यावर कोंबड्या बसल्या असतील त्यालाच ते कळेल.

मला खाली काढलं ते अजयच्या बायकोने, दिव्यानीने. ही मुलगी नागभीडकडची, अंगाने किरकोळ आणि डोक्यात सतत काहीतरी शिजत असलेली. तिने घरच्या घरी एक धंदा काढला. शहरातल्या हौशी लोकांना दोन दिवस जंगलातून पायी न्यायचं, वनखात्याची परवानगी काढून नाल्याकाठी एक मुक्काम करायचा, घरचं जेवण घालायचं आणि दुसऱ्या दिवशी परत आणायचं. वाट सोमाजी दाखवणार, ओझं अजय वाहणार आणि बाकी सगळं दिव्यानी बघणार. त्या वाटेवर मोटरसायकल जात नाही. तेव्हा सगळ्यांना माझी आठवण आली. माझी धूळ पुसली गेली, तेल लागलं आणि पाहुणे मला खांद्यावर घेऊन फोटो काढू लागले.

पण हौस वेगळी आणि पोट वेगळं. दरवर्षी हिवाळा संपता संपता अजय मिरची तोडायला तेलंगणात जाई, तो तीन महिने. दिव्यानीने या धंद्यात जीव ओतला होता तो एवढ्यासाठीच, की नवरा वर्षभर घरी राहावा. दिवाळीनंतर चार गट आले आणि मग कुणी फिरकेना. अखेर चंद्रपूरच्या रंजीता मॅडमचा फोन आला. या बाई मोठमोठे गट घेऊन जंगलं आणि डोंगर फिरतात. "पंधरा जणांना घेऊन शनिवारी येते," त्या म्हणाल्या. "मनासारखं झालं तर पुढेही माणसं पाठवीन." मिरचीवाल्यांची जीप सोमवारी सकाळी गावात येणार होती. अजयची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. मॅडम खूश झाल्या तर पिशवी रिकामी होणार, नाहीतर जीपमध्ये चढणार.

एवढं सगळं डोक्यावर असताना माणूस ओरडतो. दिव्यानी ओरडू लागली. पाणी का नाही भरलं, चुलीची लाकडं ओली का, पत्रावळी मोजल्या का. अजय मुळातच कमी बोलणारा, तो आणखी गप्प झाला.

शुक्रवारी संध्याकाळी त्याने शेजाऱ्यांकडे जाऊन एका टोपलीत त्यांची उसनी भांडी, डाळ, तेल आणि मीठ भरलं. दुसरी टोपली तांदूळ आणि पिठासाठी रिकामी ठेवली. कावड शेजारच्या घरून आपल्या ओसरीवर आणायची होती, आणि एका बाजूच्या ओझ्याने कावड उचलता येत नाही. मग आमच्याकडे लोक काय करतात? रिकाम्या टोपलीत दगड ठेवतात, तोल साधतात आणि घरी आल्यावर काढून टाकतात. लहानपणापासूनची सवय. अजयने हाताला येईल तो दगड टोपलीत टाकला, वर पोतं झाकलं, मला ओसरीवर आणलं आणि तेवढ्यात दिव्यानीने लाकडांसाठी हाक मारली. दगड राहिला.

सकाळी दिव्यानीने दोन्ही टोपल्या झाकलेल्या पाहिल्या. तिला वाटलं, तांदूळ अजयने भरला. अजयने मला उचललं, तोल बरोबर लागला. त्याला वाटलं, तांदूळ दिव्यानीने भरला. तांदूळ बिचारा दारामागे पोत्यात बसून होता.

मित्रांनो, मला मात्र पहिल्या पावलालाच कळलं. तांदूळ चालताना थोडा थोडा सरकतो, आपली जागा करतो, चढावर मागे कलतो. दगड मेल्यासारखा पडून राहतो. मी कुरकुरले. वळणावर टोपली मुद्दाम झाडाला घासली. सागाच्या वाळल्या पानांवर पंधरा जणांचे बूट एवढे वाजत होते की माझी कुरकुर कुणाला ऐकू येणार! अजयने दोनदा खांदा बदलला, एकदा थांबून मागच्या टोपलीकडे पाहिलंसुद्धा. माझा जीव आशेने वर आला. पण तो पुढे चालू लागला.

दुपार कलताना आम्ही नाल्याकाठी पोचलो. वाटेत पळसाच्या पानात बांधलेली भाकर आणि चटणी सगळ्यांनी खाल्ली होती, आता भूक परत लागत होती. पाहुणे तंबू ठोकू लागले. दिव्यानीने चूल मांडली, आधण ठेवलं आणि तांदळाच्या टोपलीवरचं पोतं उचललं.

 ती पोतं हातात धरून तशीच उभी राहिली. अजय जवळ आला, त्याने पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"सांगू नको कोणाले," तो हळूच म्हणाला. "मी धावत जातो. घरून आणतो."

"चार तासाची वाट हाये," सोमाजी मागून म्हणाला. म्हाताऱ्याच्या नजरेतून काही सुटत नाही. "दिवस मावळाच्या वक्ती एकटा कोणी जाणार नाई. पट्टेवाला वाघ फिरून राह्यला इकडे."

"मंग सांगू, भात खाली सांडला. नाल्यात पडला," अजय म्हणाला.

दिव्यानीने मान हलवली. तिचे डोळे भरले होते, पण पुसायला हात मोकळे नव्हते. तिने तो दगड दोन्ही हातांनी उचलला आणि तंबूंच्या मधोमध, रंजीता मॅडमच्या पुढ्यात नेऊन ठेवला.

"मॅडम, हा तुमचा भात," ती म्हणाली. "टोपलीत दगड होता. मी सकाळी उघडून पाह्यलं नाई. चूक माही हाये."

 एकजण हसायला गेला, मॅडमकडे पाहून थांबला. मॅडमनी दगड पाहिला, मग दिव्यानीकडे पाहिलं.

"बरं. आता काय करणार?" त्यांनी एवढंच विचारलं.

"अर्ध्या तासावर सोमारीबाईचं घर हाये. मामाजी आन् हे कावड घेऊन जातीन. डाळ हाये, ते मी शिजवतो. दिवस असता असता तुमाले जेवाले देतो. दोघा जणांनी पाणी भराले मदत केली त लवकर होईन."

"चला, मी भरते," मॅडम म्हणाल्या आणि कळशी उचलली.

बापलेक मला घेऊन पाड्याकडे निघाले. माझ्या दोन्ही टोपल्या रिकाम्या होत्या, मला हलकं वाटायला हवं होतं, पण वाटत नव्हतं. सोमारी ही त्या तीन घरांच्या पाड्यावरची माडिया जमातीची बाई, सोमाजीच्या जुन्या ओळखीची. त्याने तिच्या भाषेत सगळं सांगितलं. दगडाचं ऐकून ती पोट धरून हसली. मग आत जाऊन कोसरी घेऊन आली. कोसरी हे आमच्याकडचं बारीक धान्य, भातासारखं शिजतं. एक टोपली भरली. अजय सवयीने दुसऱ्या टोपलीसाठी अंगणात दगड शोधू लागला! सोमारीने त्याच्या हातावर चापट मारली.

"दगड काऊन? मी हाये ना," ती मोडक्या मराठीत म्हणाली, आणि छपरावरचे दोन लाल भोपळे काढून त्याच्या टोपलीत ठेवले.

तोल बरोबर बसला. मित्रांनो, माझ्या उभ्या आयुष्यात मी शेकडो दगड वाहिले आहेत. तोल साधायला दगडच लागतो असं मलाही वाटत आलं होतं. दुसऱ्या बाजूला खाण्याची वस्तू ठेवूनही तोल साधतो, हे त्या हसऱ्या बाईने मला म्हातारपणी शिकवलं.

सूर्य डोंगरीवर टेकला तेव्हा पत्रावळींवर कोसरी, डाळ आणि भोपळ्याची भाजी पडली. कुणी मागून घेतलं, कुणी कढई पुसून खाल्ली.  दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर मॅडम सोमाजीशी फक्त झाडांबद्दल बोलत राहिल्या. दिव्यानी मागून चालत होती आणि त्यांच्या पाठीकडे बघत होती. गावात गाडीत बसताना त्या थांबल्या.

"खोटं सांगितलं असतंत तर मला कळलं असतं," त्या म्हणाल्या. "मी खूप फिरले आहे. भात सांडला, पीठ भिजलं, असली कारणं बऱ्याच ठिकाणी ऐकली आहेत. पुढच्या रविवारी माझी आई येईल, मैत्रिणींना घेऊन. तिचे गुडघे दुखतात, हळू चालवा. त्यानंतरचे गट फोनवर ठरवू."

स्वतःची आई! दिव्यानी नुसतीच मान हलवत राहिली. अजय घरात गेला, दाराशी ठेवलेली पिशवी उचलली आणि आतली चादर काढून दोरीवर वाळत घातली. चादर ओली नव्हती, तरी घातली. मग तो माझ्याशेजारी ओसरीवर बसला.

"मले वाटलं होतं," तो म्हणाला. "अर्ध्या वाटेवरच. तांदूळ असा चालत नाई."

दिव्यानी उभी होती ती खाली बसली. "मंग तुमी सांगतलं काऊन नाई?"

"तू घाईत होती. इचारलं असतं त ओरडली असती."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते तिला जास्त लागलं.  ज्या माणसाला घरी ठेवायला तिने हा सगळा खटाटोप मांडला, तोच तिच्याशी बोलायला घाबरत होता. हे तिला कळलं, आणि खरं सांगते, मलाही फार वाईट वाटलं. मी या पोराला टोपलीत बसवून दवाखान्यात नेलं आहे.

त्या आठवड्यात दिव्यानीने धंद्यातले दगड काढले. शहरातल्या हॉटेलात असतं म्हणून ठेवलेलं पनीर काढलं, आधीच्या गटांबरोबर नेलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या काढल्या, गाणी वाजवणारा जड डबा काढला. यांतली एकही गोष्ट पाहुण्यांनी मागितली नव्हती. शोभेसाठी अजय ती वाहत होता. त्या जागी सोमारीची कोसरी आणि भोपळे आले, आणि सोमारीही आता धंद्यातली झाली.

रविवार उजाडला. मॅडमची आई आणि तिच्या सहा मैत्रिणी टोप्या घालून अंगणात उभ्या होत्या. ऊन वर चढत होतं, निघायला उशीर झाला होता. दिव्यानीने दोन्ही टोपल्या सगळ्यांसमोर उघडून दाखवल्या, झाकल्या, आणि अजयने मला खांद्यावर घेतलं. दोन पावलं चालून तो थांबला.

पूर्वीची दिव्यानी म्हणाली असती, आता काय झालं? ही म्हणाली, "काय सांगते खांदा?"

अजयने एकदा तिच्याकडे, एकदा त्या सात म्हाताऱ्यांकडे पाहिलं. घसा खाकरला.

"डावी बाजू जड हाये," तो म्हणाला. "थोडी जास्तच."

तिने घड्याळ पाहिलं नाही. अंगणात फतकल मारून बसली, दोन्ही टोपल्या रिकाम्या केल्या आणि पहिल्यापासून भरायला घेतल्या. सोमाजीने पाहुण्यांना चहा दिला. त्या दिवशी आम्ही अर्धा तास उशिरा निघालो आणि मी वाटभर एकदाही कुरकुरले नाही.

आता माझ्या मधोमध एक बारीक चीर गेली आहे. अजय नवा बांबू नाल्यात भिजत घालून आला आहे, म्हणजे माझे दिवस थोडेच. त्याचं मला दुःख नाही. फक्त एक मागणं आहे. मित्रांनो, तुम्ही उद्या दुकान काढाल, कारखाना काढाल, माणसांना जंगलात न्याल. तुमचं ओझं कुणीतरी वाहत असेल. मी लाकूड आहे, मला बोलता येत नव्हतं. त्याला बोलता येतं. तो गप्प असेल तर थोडं थांबा, आणि त्याला विचारा.