पायांनी ऐकणारं घर

त्या घरातली बेल वाजायची नाही, पेटायची. दारावरचं बटण दाबलं की आतल्या दोन्ही खोल्यांतले लाल बल्ब उघडझाप करायला लागायचे. ही सगळी वायरिंग घरातल्या एकुलत्या एक पोरीची. पोरीला अख्खी बिल्डिंग भोंगा म्हणायची. आईबाप दोघंही जन्मापासून ठार बहिरे, तेव्हा बाहेरच्या जगाशी बोलायचं खातं हिच्याकडे, आणि ते ती घसा ताणून सांभाळायची. घरात मात्र बोलणं हातांनी. तेही तितकंच जोरात. एकदा भांडताना तिच्या हाताने पाण्याची कळशी आडवी झाली होती.

त्या दिवशी सकाळी बल्ब पेटले आणि भोंगा दाराकडे धावली. तपासणीवाल्या बाई आल्या!

प्रकरण असं होतं. वायरमनच्या कोर्सला तिचा नंबर लागला होता. कॉलेज दुसऱ्या शहरात, राहणं हॉस्टेलवर. बाप शिंपी, आई त्याच्या शेजारी बसून काजं-बटणं करणारी. एवढा खर्च झेपणारा नव्हता. पण दिव्यांग आईबापांच्या मुलांना शिकायला सरकार मदत देतं, हे भोंग्याने कुठूनतरी हुडकून काढलं, अर्ज टाकला, आणि आता फक्त घरी येऊन बघायचं राहिलं होतं. बाईंनी हो म्हटलं की सीट पक्की. नाही म्हटलं की उद्या तीच सीट दुसऱ्या कुणाची तरी.

बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. आईने तुटक्या कानाचे कप लपवून चांगले काढले होते. नमस्कार झाले, चहा झाला. गिऱ्हाईक दुपारी यायचं होतं म्हणून बाबा परत मशीनवर जाऊन बसले, दाराकडे पाठ करून.

"राग मानू नकोस हं," बाई पेन काढत म्हणाल्या, "पण आम्हाला नीट बघावंच लागतं. परवा एका घरी गेले तर आंधळे गृहस्थ पेपर वाचत बसलेले. वर मलाच म्हणतात, या बसा, काय छान साडी आहे!"

भोंगा खो खो हसली. गाडी मस्त चालली होती.

"बाबांना जरा बोलव, दोन गोष्टी विचारते."

आणि भोंग्याने जन्मभर जे केलं तेच केलं. धाडकन पाय आपटला.

बाबा गर्रकन वळले.

बाईंचं पेन हवेतच थांबलं. "ऐकू येतं की यांना!"

"नाही नाही नाही! बाई, ऐकू नाही आलं! पायाला कळलं त्यांच्या! ही जमीन फळ्यांची आहे ना, हादरते. आम्ही असंच बोलावतो एकमेकांना!"

"पायाला कळलं," बाई म्हणाल्या. तो पेपरवाला आंधळाही असंच काहीतरी म्हणाला असणार, असा चेहरा.

सोळा वर्षं तोंड चालवलं आणि घात केला तो पायाने! पण ती गप्प बसणारी असती तर नाव वेगळं पडलं असतं. ती उठली, बाबांना हातांनी म्हणाली, टेबलावर चढून बसा, पाय वर घ्या. का, ते नंतर. बाबा कापायच्या टेबलावर मांडी घालून, भिंतीकडे तोंड करून बसले आणि सुईत दोरा ओवायला लागले. भोंग्याने स्वयंपाकघरातून परात आणि झारा आणला, बाबांच्या डोक्यामागे उभी राहिली आणि सुरू केलं. ढॅण! ढॅण! ढॅण!

बाईंनी दोन्ही कानांवर हात घेतले. बाबांनी दोरा ओवला, गाठ मारली.

"बघितलंत?"

"बघितलं गं," बाई म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्या, पण पोळलेल्या होत्या. "पण मी कशाला आलेय ते त्यांना माहीत आहे. न वळणं काय अवघड आहे? खरं सांगू, माझं मन घेत नाहीये."

भोंग्याच्या हातातला झारा खाली आला. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हातांनी विचारत होती, काय झालं? काय म्हणतात? भोंग्याने तिच्याकडे पाठ फिरवली.

एवढ्यात दार भिंतीवर आपटलं. खालच्या मजल्यावरचे काका! बनियन, हातात काठी, डोळे लाल.

"परात वाजवता? आता परात? मशीनची घरघर पुरली नाही का तुम्हाला?" ते बाईंकडे न बघता तडक बाबांच्या पाठीमागे गेले आणि त्यांच्या कानाशी ओरडले, "अहो, माणसं राहतात खाली!"

बाबांनी बटण लावायला घेतलं.

"बघा! हे असं!" काका आता बाईंकडे वळले. कोण, कुठली, विचारायची शुद्ध कुणाला. "इतकी वर्षं मी या माणसाशी भांडतोय, एक भांडण ऐकलं नाही याने माझं! शिव्या घातल्या तर हसून पाणी देतो. शेवटी ही काठी आणली. खालून छताला ढोसली की यांच्या पायाला कळतं, तेव्हा कुठे मशीन थांबतं!"

बाई खुर्चीत पुढे सरकल्या.

"कशाला कळतं म्हणालात?" बाईंनी हळूच विचारलं.

"पायाला हो, पायाला! कान असते तर काठी कशाला घेतली असती मी?"

बाईंनी भोंग्याकडे पाहिलं. मग त्या हसल्या, चांगल्या पोटभर. "काका, शेजारी म्हणून एवढं लिहून सही द्याल? पोरीला हॉस्टेलला जायचंय."

"भोंगा जाणार?" काकांचा चेहरा उजळला. "आणा इकडे पेन!"

सही झाली, बाईंचा शिक्का बसला. जाताना त्यांनी बेलचं बटण दोनदा दाबून बल्ब बघितले. "हे कुणी केलं?" म्हणाल्या, आणि उत्तर तिच्या तोंडावरच दिसल्यावर, "मग कोर्सला शिकवणार काय तुला?"

बाई गेल्या. काका काठी टेकत खाली गेले. बाबा टेबलावरून उतरून आईशेजारी उभे, दोघांनाही काहीच न कळलेलं. एवढं सगळं हातांनी सांगत बसायला भोंग्याला धीर नव्हता. मग तिने दोन्ही पायांनी उड्या मारायला सुरुवात केली. फळ्या दणाणल्या, कपबशा नाचल्या, आणि आईबापांना बरोबर कळलं. आईने तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं. बाबा हातांनी म्हणाले, जा. बेल आम्ही बघतो.

खालून काठी सुरू झाली. ठक ठक ठक.

बाबांनी पायाकडे बघून विचारलं, ते काय म्हणतायत?

अभिनंदन म्हणतायत, भोंग्याने हातांनी सांगितलं, आणि अजून एक उडी मारली.