झुल्याखालची रजई

मृणालीने हॅमॉकचा, म्हणजे कापडी झुल्याचा, दुसरा पट्टा गच्चीवरच्या टाकीच्या खांबाला आवळला आणि अंगाचा सगळा भार टाकून तो ताणून पाहिला. सकाळचे साडेसहा वाजले होते. कठड्यावरचा तापमापक एकोणीस अंश दाखवत होता.

"झोप," ती भावाला म्हणाली.

सार्थक आडवा झाला. ऑगस्टमध्ये मधल्या खोलीचं दार फोडून त्याला वेळेत बाहेर काढलं, म्हणून तो वाचला होता. त्यानंतर घरातल्या एकाही दाराला कडी राहिली नव्हती. कशेळीच्या गोदामातल्या नोकरीवरही तो तेव्हापासून गेला नव्हता. आणि परवा जेवताना तो अचानक म्हणाला, की शनिवारी गणेशपुरीच्या वरच्या जंगलात एकटा राहायला जातो. मृणालीने त्याच्या डॉक्टरांना फोन केला. तयारी कशी करतो ते बघा आणि मला कळवा, मग ठरवू, असं ते म्हणाले.

ज्याला पहाट बघायची असते तोच पहाटेच्या थंडीची काळजी करतो, असं तिने स्वतःशी मांडलं. मग तीन वस्तू मागवल्या: एक फोमची चटई आणि झुल्याखाली बांधायच्या दोन रजया, एक जाड, एक पातळ. काल तासभर ती त्याला समजावत होती. अंगाखाली अंथरलेली गोधडी चेपते, तिच्यातली हवा निघून जाते, आणि ऊब तर त्या हवेचीच. म्हणून रजई खालून, न चेपता लोंबती बांधायची. आपल्याकडे थंडी ती कसली, असं म्हणणाऱ्यांचीच पाठ पहाटे गारठते. यातलं तुला काय हवं, असं तिने चारदा विचारलं होतं.

"काहीही चालेल."

जेवायला काय, शर्ट कोणता, डॉक्टरकडे कधी, सगळ्याला त्याचं हेच उत्तर होतं.

आई जिन्याच्या तोंडाशी उभी होती. तिची नजर पट्ट्यांवरून हलत नव्हती.

"आमटीत कोथमीर दिसली तरी ताट सारायचा ह्यो," ती मृणालीला हळूच म्हणाली. "आता दगड वाढला तरी खाईल, न्हाय बोलणार न्हाय."

मृणालीने मुद्दाम चूक केली. फोमची चटई दुमडून अर्धी केली आणि त्याच्या पाठीखाली सरकवली. खांदे आणि कंबर उघडीच राहिली. तो तसाच पडून राहिला. खाडीकडून वारा येत होता. पाच मिनिटं झाली. तिने घड्याळाकडे पाहिलं, मग पाहायचं सोडून दिलं. डॉक्टरांना काय सांगायचं त्याची वाक्यं ती मनात जुळवू लागली. आईने तोंडाला पदर लावला.

"ताई."

"काय रे?"

"खालून गार लागतंय."

मृणालीने आईकडे पाहिलं नाही.

"कुठे?"

"खांद्याला. ही चटई कुणी अशी घालतं का? तुला शिकवलं काय कॉलेजात?" तो उठून बसला. चटई काढून त्याने बाजूला टाकली, पातळ रजई उचलली, तिची लवचीक दोरी बोटांनी ताणून पाहिली आणि हॅमॉकच्या दोन्ही टोकांना अडकवली. खाली वाकून त्याने मध्ये तळहात घातला. दोन बोटांची फट ठेवली.

"जाड नको?" तिने विचारलं. "वर जंगलात पहाटे पंधरापर्यंत उतरेल."

त्याने जाड रजई दाबून पाहिली. खरंच विचार करत होता.

"जाडने रात्री घाम येईल. मग ओल्या पाठीने पहाटे कुडकुडत बसा. सोमवारी ड्युटीवर नाक शिंकरत उभा राहू काय?"

जिन्यात आईचा पाय अडखळला. ती घाईघाईने खाली जात होती.

मृणालीने जाड रजई पिशवीत भरायला घेतली. दाबली, गुंडाळली, पुन्हा उलगडली. पिशवीचं तोंड काही केल्या पुरेना. सार्थकने दोनदा बघितलं, मग रजई तिच्या हातातून काढून घेतली.

"आधी हवा काढायची असते," तो म्हणाला, आणि रजईवर गुडघा टेकला.