फाटकाला लावलेली साखळी

मित्रांनो, माझ्याकडे मुद्दाम कोणी बघत नाही. मी एक जुनी लोखंडी साखळी आहे. तापलेल्या सळ्या वाकवून माझ्या कड्या घडवल्या आणि मला एका मोठ्या धुलाई कारखान्यात आणलं. तिथे इस्पितळांच्या चादरी धुतल्या जात. त्या वाळवायची यंत्रं प्रोपेन गॅसवर चालत. गॅसचे भरलेले सिलिंडर पुढच्या दारालगत, छपराखाली उभे असत. त्यांना भिंतीशी घट्ट बांधून ठेवणं हे माझं काम.

एकदा तपासणीला आलेल्या अधिकारी बाईंनी मला दोन्ही हातांनी ओढून पाहिलं. "सिलिंडर आडवा पडून त्याची तोटी तुटली, तर पळायलाही वेळ मिळत नाही," त्या म्हणाल्या. "ही साखळी इथून हलवू नका." त्या दिवशी माझा गंजसुद्धा मला शोभून दिसला.

पुढे मुकादमाच्या मनाने घेतलं, की कामावरच्या बायका मागच्या फाटकातून सारख्या हवा खायला जातात. आत वाफेने जीव नकोसा व्हायचा, जाणार नाहीत तर काय करतील? त्याने मला सोडलं, मागच्या फाटकाला गुंडाळलं आणि कुलूप घातलं.

चादरींच्या घड्या घालणारी मावशी म्हणाली, "अहो मुकादम, तिकडे सिलिंडर मोकळे राहिले की!"

"उद्या नवी साखळी आणतो."

"आणि काही झालं, तर आम्ही निघायचं कुठून?"

"तुमच्या तोंडाला कुलूप नाही ना मावशी, मग झालं तर!" तो हसला. बायकाही हसल्या.

नवी साखळी आली नाही. पुन्हा कोणी विषयही काढला नाही.

एका सकाळी ओल्या चादरींची जड ढकलगाडी पुढच्या दाराशी वळताना सिलिंडरवर आदळली. मागच्या फाटकावर असूनही मला धाडकन आवाज ऐकू आला, मागोमाग मोठा फुसकारा. पांढरं धुकं जमिनीलगत सरकत पुढच्या दारातून आत शिरलं. पुढची वाट बंद झाली. बायका मागे धावल्या, मला हिसडे देऊ लागल्या. मी तसूभरही सुटले नाही. घट्ट राहायलाच तर मला घडवलं होतं.

मुकादम धावत आला. जुडग्यातली किल्ली त्याला सापडेना, तो एकेक घालून पाहू लागला.

"उघडा हो, उघडा!" मावशी ओरडत होती.

कुलूप निघालं. बायका बाहेर पडल्या. मावशीने वळून पाहिलं, तर तिची धाकटी बहीण अजून आतच. गॅस पेटू नये म्हणून वाळवायच्या यंत्रांमधली आग एकेक करून विझवत होती.

"सोड गं ते! ये!"

"आले ताई, एवढं एकच राहिलंय."

ते एक विझण्याआधीच गॅसने पेट घेतला.

बऱ्याच दिवसांनी मावशी त्या जळक्या फाटकाशी आली. मुकादम तिथेच उभा होता, दोन्ही हातांना पट्ट्या बांधलेल्या. तिला पाहून तो हमसून रडू लागला.

"माझ्यासमोर रडू नका," ती म्हणाली. "मला अजून रडता आलेलं नाही."

आता मी भंगारात पडून आहे. मित्रांनो, मला कुठे बांधायचं हे माझ्या हातात नव्हतं, ते माणसांच्याच हातात असतं. आज तुमची आई किंवा बाबा कामावरून घरी आले, की आधी त्यांना पाणी द्या. आणि मग विचारा, तुमच्या कामाच्या जागी मागचं दार उघडं असतं ना?