चव लोखंडाची

लोखंडाने जगाला दोनच अजरामर वीर दिले: एक तलवार आणि दुसरा मी. मी एक जुना तवा आहे. तलवारीची आणि माझी तशी ओळख नाही.

मित्रांनो, माझा जन्म १९९७ सालचा, कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या फाउंड्रीतला. आकाराम नावाच्या कारागिराने मला ओतलं, ते त्याच्या दोस्तासाठी, पिराजीसाठी. पिराजीही तिथलाच. कंपनीने त्याला मशीन शिकायला जपानला धाडलं आणि तो याकीसोबा शिकून आला. म्हणजे सपाट तव्यावर कोबी-कांद्यासोबत परतलेल्या, गोडसर सॉसमधल्या शेवया. नोकरी सोडून त्याने रंकाळ्यावर गाडी लावली.

पहिल्याच गिऱ्हाइकाने घास गिळून विचारलं, “पावणं, घरात कोण आजारी हाय व्हय?”

“जरा चटणी घालूया की,” बायको वर्षाराणी म्हणाली.

“जपानात घालत न्हाईत. मी बघून आलोय, तू न्हाईस!”

महिन्याभरात गाडी विकायची वेळ आली. मग पिराजी पाणी आणायला गेला, की वर्षाराणी माझ्यावर तेलात कांदा-लसूण चटणी परतून घ्यायची. आठवड्यात रांग लागली.

पिराजीने स्वतः खाऊन पाहिलं. अस्सल कोल्हापुरी जीभ ती. तिला तिखट लागलंच नाही, नुसतं बरं वाटलं. “ओतीव लोखंडाचा गुण हाय ह्यो! तव्याला चव सुटली बघ.”

“कोबी संपलाय,” वर्षाराणी म्हणाली.

तेव्हापासून तो येईल त्याला माझं कौतुक सांगायचा. खंडेनवमीला मला हार. कुंकू लावताना वर्षाराणी पुटपुटायची, “लई फुगू नगंस.” पण मी फुगलो. तेच माझं पाप.

२००४ साली पिराजीने दुसऱ्या गाडीसाठी आकारामकडून दुसरा तवा ओतून घेतला. त्या गाडीवर तो एकटाच उभा राहिला. चव येईना. त्याने आमच्या दोघांच्या लोखंडाचा कीस प्रयोगशाळेत तपासायला पाठवला. अहवाल आला: लोखंड तंतोतंत एक.

“तपासणारा बी तुझाच!” रंकाळ्याच्या गाडीपाशी पिराजी आकारामवर कडाडला. “भेसळ केलास, आकाराम्या!”

वीस वर्षांची दोस्ती. आकाराम पाठ फिरवून चालू लागला. मी सगळं जाणून होतो. तव्याला तोंड नसतं, ही सबब त्या दिवशी मला फार सोयीची वाटली.

“थांबा, भावजी!” वर्षाराणीने गाडीखालून डबा काढून माझ्यावर आदळला. “चव ह्या चटणीची हाय. सात वर्सं!”

पिराजीने चिमूटभर चटणी जिभेवर ठेवली आणि मान खाली घातली. “आन् मी गावभर लोखंड सांगत हिंडलो.”

“गाव खात हुतं की.”

त्याने धावत जाऊन आकारामचा हात धरला. “चुकलो, गड्या.”

“हात सोड. आदी एक प्लेट दे. भुका लागल्यात.”

गाडीवर आता वर्षाराणीचं नाव आहे. आकारामची माफी मागून झाली, तिचीही झाली. मला मात्र कोणी रागाने एक चापटही मारली नाही. तेच सलतं.

मित्रांनो, दुसऱ्याचं श्रेय अंगाला लावून घेऊ नका, असा उपदेश मी करणार होतो. पण तो मला शोभत नाही. हल्ली मी परसात पालथा पडून गंजतो आहे. तेलाचा एखादा बोळा फिरवलात तर उपकार होतील. त्याआधी, जमलं तर, माझ्यावर झोपलेलं मांजर तेवढं उठवा.