कॅमेऱ्याखालचा कोपरा

मुख्य मैदानाचं गवत पंचवीस मिलिमीटर होतं. थोरल्याने गुडघ्यावर बसून दहा ठिकाणी पट्टी टेकवली. फरक एका मिलिमीटरचाही नव्हता.

हे मैदान धाकट्या भावाकडे होतं. थोरला मुख्य माळी, पण सांभाळायचा सरावाचं मैदान. दर सामन्याला टीव्हीवर धाकट्याचे हिरवे पट्टे दिसत आणि थोरल्याची बायको म्हणे, "भाऊजींचा हात लागला की गवतसुद्धा नटतं!" बारा वर्षं ते वाक्य त्याला सलत होतं.

यंदा सामने दाखवणाऱ्या वाहिनीने फुटबॉल लीगला निम्मेच पैसे दिले. त्यामुळे दोघांच्या क्लबने एकच माळी ठेवायचं ठरवलं आणि कोणाला ठेवायचं हे थोरल्यालाच विचारलं. दोन आठवडे तो चालढकल करत होता. आज तो धाकट्याची चूक शोधायला आला होता.

शेवटी तो कॅमेऱ्यांच्या मचाणाखालच्या कोपऱ्यात गेला. हा कोपरा टीव्हीवर कधीच येत नसे. इथे तरी कामचुकारपणा सापडेल म्हणून त्याने पट्टी टेकवली. पंचवीस.

"दादा, माप गवताचं घेतोयस की माझं?" मागून धाकटा हसला.

"हा कोपरा कोण बघतंय रे? कशाला कापतोस?"

"कॅमेरा कुठे आहे ते गवताला कुठे ठाऊक असतं?"

सरावाच्या मैदानावर असे कोपरे घोट्याएवढे माजले होते. थोरल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने पट्टी खिशात घातली.

"क्लबच्या साहेबांना सांगतो, तुलाच ठेवा," तो धाकट्याकडे न बघता म्हणाला. "मी जातो."