आस्ताचा आवाज

रविवारी दुपारी एक वाजता ‘हिमसागर’च्या दुसऱ्या सीझनचा पहिला एपिसोड लागणार होता आणि गहिनीनाथांच्या बैठकीत साडेबारापासूनच माणसं जमायला लागली होती. युसूफ वडगावात एवढा मोठा टीव्ही दुसऱ्या कुणाकडं नव्हता. शिवाय जिल्हा परिषदेची निवडणूक तीन आठवड्यांवर आली होती आणि गहिनीनाथ उभे राहणार हे ठरल्यात जमा होतं. त्यामुळं ज्यांना मालिकेचं काही पडलेलं नव्हतं, तेही आले होते.

मालिका हजार-अकराशे वर्षांपूर्वीच्या व्हायकिंगांची होती. उत्तरेकडच्या थंड मुलखातले शेतकरी. पेरणी उरकली की बोटी काढायचे आणि समुद्रापलीकडची गावं लुटून परत यायचे. मालिका परदेशातली, पण पुण्यातल्या एका स्टुडिओनं ती मराठीत केली होती. करताना तिथल्या दिग्दर्शिकेनं एक गोष्ट हट्टानं केली. मालिकेतले राजे आणि धर्मगुरू पुस्तकी मराठी बोलायचे आणि व्हायकिंग बोलायचे मराठवाड्यातलं. गहिनीनाथ पहिल्या सीझनलाच त्यावर खूश झाले होते. “बघा, ही माणसं आपल्यासारखी बोलतेत,” असं ते येईल त्याला सांगायचे. त्यातही त्यांना आस्ता आवडायची. नवरा बुडाल्यावर त्याची बोट स्वतः हाकणारी, सगळ्या टोळीला दरडावणारी आस्ता. तिची वाक्यं ते ग्रामसभेतसुद्धा म्हणून दाखवायचे.

आस्ताला ज्या बाईनं आवाज दिला होता, ती आत त्यांच्याच स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. हे त्यांना ठाऊक नव्हतं.

धनश्री नेकनूरची. संभाजीनगरला विद्यापीठात नाटक शिकली, मग वर्षभर पुण्यात राहिली. तिथं मैत्रिणींनी तिच्या बोलण्याची टिंगल केली आणि त्याच बोलण्यामुळं तिला आस्ताचं काम मिळालं. दुसऱ्या सीझनचे पहिले चार एपिसोड तिनं लग्नाआधी करून दिले. पुढचे परदेशातून आलेलेच नव्हते. वैशाखात लग्न झालं. ठरतानाच शिवशंकर, तिचा नवरा, गहिनीनाथांचा मुलगा, तिला म्हणाला होता, “पुण्यात नोकरी करत होती एवढंच सांगू. नाटकाचं घरात काढू नको. अप्पांना नाटकवाल्या बाया चालत न्हाईत.” तेव्हा ती बरं म्हणाली. माणूस मवाळ वाटला, हळूहळू सांगू असं तिला वाटलं.

घरात आल्यावर दुसऱ्याच दिवशी मुक्ताबाईंनी, सासूनं, तिला बाजूला घेतलं. “आवाज जरा आत ठिवायचा बाई. बैठकीत माणसं असतेत.” धनश्रीनं आवाज आत ठेवला. सात महिने ती अर्ध्या आवाजात बोलत होती. नेकनूरला आईशी फोनवर बोलायचं झालं तर गच्चीवर जायची, पण तिथंही खालच्या अंगणात कुणीतरी असायचंच. कधी कधी तिला वाटायचं, एकदा मोकळं ओरडावं. पण कशासाठी ओरडलीस म्हणून कुणी विचारलं तर काय सांगणार?

तीन आठवड्यांपूर्वी संस्कृतीचा, पुण्याच्या त्या दिग्दर्शिकेचा फोन आला होता. उरलेले चार एपिसोड आले होते. “पाच दिवसांचं काम आहे गं. ये लवकर.” शिवशंकरला सांगितलं तर तो म्हणाला, “निवडणूक होऊ दे.” परवा संस्कृतीनं शेवटचं सांगितलं होतं. गुरुवारपर्यंत आली नाहीस तर मला दुसरी मुलगी घ्यावी लागेल.

बैठकीत गलका थांबला. टीव्हीवर समुद्राचा आवाज सुरू झाला.

पहिल्या सीझनच्या शेवटी आस्ता शत्रूच्या हाती सापडली होती. आता ती त्यांच्या जहाजाच्या तळाशी होती. धनश्रीला दिसत काहीच नव्हतं, पण सगळं पाठ होतं. आता वरचं झाकण उघडणार, उजेड पडणार, पहारेकरी हसणार. भाकरी तव्यावर टाकून ती तशीच उभी राहिली. बैठकीतून तिचाच आवाज आला, पुरा, न दाबलेला, भिंतीवर आदळणारा.

“हातातल्या बेड्या काढा न्हाईतर राहू द्या. मी उभी हाय ती माझ्या पायावर. तुमच्या राजाला सांगा, बाई धरून आणली म्हंजे बोट हातात आली आसं न्हाई!”

बैठकीत कुणीतरी “आरारारा!” केलं. गहिनीनाथांचं खूश होऊन हसणं ऐकू आलं.

“भाकर करपली,” मुक्ताबाई म्हणाल्या.

धनश्रीनं घाईनं भाकरी काढली. मुक्ताबाई तिच्या तोंडाकडं बघत होत्या. तिच्या लक्षात आलं, आपले ओठ हलत होते.

“तुला कसं ठाव ती काय बोलणार?” मुक्ताबाईंनी विचारलं. धनश्रीनं दुसरी भाकरी थापायला घेतली. बैठकीत पुन्हा आस्ता बोलायला लागली. मुक्ताबाईंनी एकदा दाराकडं बघितलं, एकदा सुनेकडं. “तूच हायस का गं ती?”

“व्हय, आत्याबाई.”

 मुक्ताबाई पदर सावरत उठल्या. धनश्रीनं त्यांचा हात धरला. “आत्याबाई, नका सांगू.” पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. हरवलेला दागिना सापडल्यावर बाईचं तोंड होतं तसं झालं होतं. जाहिराती लागल्या तशा त्या बैठकीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

“अवो, ऐकलं का? ही जी बाई बोलती टीव्हीत, ती आपली धनश्री हाय.”

आधी कुणाला कळलंच नाही. मग हसू फुटलं. गहिनीनाथही हसले. पण शिवशंकर हसला नाही, आणि बापाचं लक्ष नेमकं त्याच्याकडं गेलं.

“काय रे?”

“केलतं तिनं थोडं काम. लग्नाआधी,” शिवशंकर म्हणाला. “आता न्हाई करत.”

“बोलाव तिला.”

धनश्री दारात आली. डोक्यावर पदर, हाताला पीठ. वीस-पंचवीस माणसं तिच्याकडं बघत होती. घरचे सोडले तर आजवर यातल्या कुणीही तिचा आवाज ऐकलेला नव्हता.

“बोल बघू,” गहिनीनाथ म्हणाले. “ते बोटीचं.”

तिनं नवऱ्याकडं बघितलं. तो पायाच्या अंगठ्याशी खेळत होता. मागं जावं तर दारात मुक्ताबाई उभ्या. तिनं पिठाचा हात पदराला पुसला आणि जहाजाच्या तळातून बोलावं तशी बोलली. शेवटच्या शब्दाला घसा दुखला. सात महिन्यांत एवढं जोरानं ती पहिल्यांदाच बोलत होती.

 जाहिराती संपून मालिका सुरू झाली तरी कुणाचं टीव्हीकडं लक्ष गेलं नाही. पहिला बोलला तो आसाराम. गहिनीनाथांच्या प्रचाराचं सगळं तोच बघायचा.

“अप्पा,” तो म्हणाला, “भोंग्यावर बोलायला बाहेरून बाया कशाला आणायच्या मंग? आवाज तर घरात हाय.”

गहिनीनाथ हळूहळू हसायला लागले. नाटकवाल्या बाईचा राग येईल म्हणून धनश्री सात महिने घाबरत होती, आणि ते तर खूश झाले होते. “आमची सून,” ते शेजारच्याला सांगत होते, “आस्ता आमची सून!” एक क्षण तिला वाटलं, सुटले. आता पुण्याचं विचारावं.

संध्याकाळी शिवशंकरला तिनं तेच सांगितलं. “आता तर त्यांना कळलं. मी गुरुवारपर्यंत पुण्याला पोचते.”

“प्रचार सुरू हुतोय. आत्ता कुठं जाती?” तो म्हणाला. “अप्पा आत्ताच खूश झालेत. त्यांना आणखी काही सांगू नको. मी बोलतो सवडीनं.”

मंगळवारी आसाराम मोबाइल आणि कागद घेऊन आला. मागच्या खोलीत पंखा बंद करून, खिडक्यांना गोधड्या लावून त्यानं धनश्रीला बसवलं. कागदावर लिहिलं होतं, “आया-बहिणींनो! आपला माणूस, आपली बोली! गहिनीनाथ अप्पांच्या पाठीशी उभ्या रहा!” तिनं एकदा वाचलं.

“तसं न्हाई वैनी,” आसाराम म्हणाला. “आस्तासारखं.”

तिनं आस्तासारखं वाचलं. नऊ वेळा. गोधड्यांमुळं खोलीत हवा येत नव्हती, अंगाला घामाच्या धारा लागल्या होत्या. आसाराम प्रत्येक वेळी म्हणायचा, अजून थोडं वर. शेवटी तो खूश होऊन उठला आणि खिडक्या तशाच बंद ठेवून निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून धनश्रीचा आवाज जीपवर बसून हिंडायला लागला. आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर, बाजारात, शाळेपुढं. सकाळी गेलेला आवाज दुपारी घरावरून जायचा. ती धुणं वाळत घालत असायची आणि रस्त्यावरून तिचाच आवाज तिला म्हणायचा, उभ्या रहा. शेजारच्या केशरबाई भिंतीवरून हसून म्हणायच्या, “आली गं तुझी सवारी.” तिला स्वतःला मात्र फाटकापर्यंत जायचं तरी कारण सांगावं लागायचं. आता तर जास्तच. “लोक ओळखतेत तुला. उगं बाहेर नको,” गहिनीनाथांनीच सांगितलं होतं.

गुरुवार गेला. संस्कृतीला तिनं फोन केला तेव्हा ती रागावली नाही, त्याचंच धनश्रीला वाईट वाटलं. “ठीक आहे गं,” ती म्हणाली. “घेते मी दुसरी कुणी.”

निवडणूक झाली. गहिनीनाथ निवडून आले. गुलालानं अंगण लाल झालं, आणि त्या धांदलीत पुण्याचा विषय काढायला शिवशंकरला सवड झाली नाही. धनश्रीनंही पुन्हा विचारलं नाही. ती आता घरात जवळजवळ बोलतच नव्हती.

पाचव्या एपिसोडच्या रविवारी बैठक पुन्हा भरली. नवे सदस्य म्हणून गहिनीनाथ मधोमध बसले होते. धनश्री चहाचे पेले घेऊन दारापर्यंत आली होती, तेवढ्यात पडद्यावर आस्ता बोलली. आवाज बारीक होता. शब्द मराठवाड्याचेच, पण शिकून बोललेले.

“हे काय?” गहिनीनाथ म्हणाले. “आवाज कावून बदलला हिचा?”

 सगळ्यांनी दाराकडं बघितलं.

“मी गेले न्हाई म्हणून,” धनश्री म्हणाली.

ती मोठ्यानं बोलली नव्हती. लग्नाआधीच्या तिच्या नेहमीच्या आवाजात बोलली होती, पण या घरात तो कुणाच्या ओळखीचा नव्हता.

“गेली न्हाई म्हंजे?”

“पुढचं काम करायला पुण्याला बोलावलतं. गुरुवारपर्यंत जायचं होतं. त्या मंगळवारी मी आत तुमचं वाचत होते.”

“मंग सांगायचं न्हाईस का?”

“ह्यांना सांगितलतं. दोनदा.”

शिवशंकर भिंतीला टेकून उभा होता. तो म्हणाला, “अप्पा, निवडणूक होती म्हणून…”  गहिनीनाथांनी टीव्हीकडं बघितलं. पडद्यावर ती परकी आस्ता टोळीला काहीतरी समजावत होती. त्यांनी आवाज कमी केला, मग बंद केला. माणसं एकेक करून उठली. गहिनीनाथांनी रिमोट बाजूला ठेवला. आपलं चुकलं असं म्हणण्याची त्यांना सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी धनश्री गच्चीवर गेली आणि संस्कृतीला फोन लावला. आस्ताचं काम आता सहाव्या एपिसोडपर्यंत त्या मुलीनं केलं होतं, शेवटच्या दोनसाठी पुन्हा आवाज बदलता येणार नव्हता. “पण शेवटच्या दोन एपिसोडमध्ये एक म्हातारी आहे,” संस्कृती म्हणाली. “बोटी बांधणारी. चांगलं काम आहे. करशील?”

“करते,” धनश्री म्हणाली. खाली अंगणात दोघं-तिघं बसलेले होते. तिनं आवाज कमी केला नाही.

जेवताना तिनं सांगितलं. पंगतीला वाढता वाढता, उभ्यानंच. “बुधवारी पुण्याला चाल्ले. रविवारी येते.”

“कुणासंग?” गहिनीनाथांनी विचारलं.

“यष्टीनं.”

“लोक काय म्हणतील, सदस्याची सून…” त्यांनी वाक्य सोडून दिलं. शिवशंकरनं ताटावरून मान वर केली, बापाकडं बघितलं आणि पुन्हा खाली घातली. हो कुणी म्हणालं नाही. नाहीही कुणी म्हणालं नाही. त्या रात्री आणि पुढच्या दिवशीही घरात कुणी तिच्याशी फारसं बोललं नाही. फक्त मुक्ताबाई भांडी लावताना हळूच म्हणाल्या, “तिथं बसून बोलतेत का उभं राहून?”

“उभं राहून. कानाला हेडफोन लावून.”

“आन चुकलं तर?”

“पुन्हा बोलायचं.”

मुक्ताबाईंनी मान डोलावली. थोड्या वेळानं त्यांनी तिच्या पिशवीत शेंगदाण्याच्या चटणीचा डबा ठेवला.

बुधवारी सकाळी सात वाजता ती स्टँडवर होती. पुण्याची गाडी भरून आली आणि न थांबता गेली. केजला जाऊन दुसरी पकडावी लागणार होती. तेवढ्यात शिवशंकरची मोटरसायकल दिसली.  त्यानं गाडी तिच्यासमोर आणून उभी केली, खाली उतरला नाही.

“चार्जर विसरली हुती,” तो म्हणाला आणि खिशातून चार्जर काढून दिला.

तिनं घेतला. केजची गाडी आली. तिनं दांडी धरली, पाय ठेवला.

“रविवारी येणार ना?” त्यानं विचारलं.

तो विनवत होता की बजावत होता, हे तिला कळलं नाही. कंडक्टरनं घंटी मारली. “येते म्हणाले ना,” ती म्हणाली आणि आत जाऊन उभी राहिली. बसायला जागा नव्हती.